चढणीला सोडावं, उतरणीला खावं

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, की आमच्या रोह्याच्या घरात दोन गोष्टी अगदी ठरलेल्या. एक म्हणजे माजघराच्या कोपऱ्यात, मागच्या वर्षी पैसे मोजून दुरुस्त करून घेतलेल्या नेमक्या त्याच जागी, पुन्हा गळायला लागतं. आणि दुसरी म्हणजे, दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटत असताना मागच्या दारी हाक येते, "वहिनी, वलगणीची मासळी हाय!"

पहिल्या गोष्टीवर आमचे हे दरवर्षी पातेलं ठेवतात. दुसऱ्या गोष्टीसाठी सासूबाई दरवर्षी परात घेऊन पुढे होतात.

देशावरच्या मैत्रिणींना 'वलगण' हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. तळकोकणात याच माशांना 'चढणीचे मासे' म्हणतात. उन्हाळाभर नदीच्या डोहांत राहिलेले मासे पहिल्या पावसाचं पाणी आलं की उलट, म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध, ओढ्यांतून आणि भाताच्या खाचरांतून वर चढू लागतात. पेण, रोहा, अलिबाग, माणगाव या आमच्या भागात ती रात्र म्हणजे एक सणच. गावातली बाप्येमंडळी बॅटऱ्या, पाग आणि भोकशी घेऊन ओढ्यावर जातात. भोकशी म्हणजे तोंडाशी रुंद आणि शेपटाशी निमुळती होत गेलेली जाळी. चढणीच्या वाटेवर ती लावून ठेवली की मासा आपणहून आत येतो. पहाटे घरोघरी चूल पेटते आणि आलं-लसणीच्या वाटणाचा वास पावसातसुद्धा आळीभर पसरतो.

त्यातून वेळही अशी, की समुद्राची मासळी बाजारात नाही. आपल्या राज्यात दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. म्हणजे पापलेट-सुरमई बर्फातली तरी, नाहीतर सुकं आहेच, सोडे, बोंबील, जवळा. अशा वेळी दारात ताजी, फडफडती मासळी आली, तर कुठल्या गृहिणीचा जीव वरखाली होणार नाही?

माझाही व्हायचा. मी माहेरची पेणकडची. भोगावतीच्या खोऱ्यातलं आमचं खेडं, दाराशी खाचर, खाचरापलीकडे ओढा. वलगणीचे शिवडे, खवल, शिंगट्या, मुऱ्या खातच लहानाची मोठी झाले. तेव्हा आज मी जे लिहिणार आहे, ते काही मासे न खाणाऱ्या बाईचं पुराण नव्हे, एवढं आधीच सांगून ठेवते!

परातीतलं गणित

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. अशीच वलगण आली. सासूबाईंनी वाटा घेतला आणि मी मोरीशी बसून साफ करू लागले. धाकटा तेव्हा चौथीत होता. शाळेला अजून सुट्टी, त्यामुळे स्वारी शेजारी पाट मांडून बसलेली. प्रत्येक माशाचं पोट चिरलं की आत पिवळी गाबोळी. तो मोजू लागला. एकवीस माशांपैकी एकोणीस गाबोळीवाले निघाले.

"आई, या दोघांत का नाही गं?"

"ते नर असतील."

"म्हणजे बाकीच्या सगळ्या आया?"

सासूबाई हसल्या. मीही हसले, आणि गाबोळी तळून त्याच्याच ताटात वाढली. त्यानं ती आवडीनं खाल्लीही. पण ते गणित माझ्या डोक्यात राहिलं. कारण त्याच दिवशी दुपारी सासूबाई सहज म्हणाल्या होत्या, "पूर्वी एवढ्या पैशांत परात भरायची गं. आता वाटा ताटलीत मावतो." मासे का कमी झाले हे त्या विचारत नव्हत्या, महागाईबद्दल बोलत होत्या. पण दोन्ही गोष्टी एकाच परातीत होत्या, हे माझ्या लक्षात आलं.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. बी.ए.ला माझा विषय मराठी, तेव्हा माशांचं शास्त्र मला कुठून येणार? आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांना मधल्या सुट्टीत गाठलं. त्यांनी डबा खाता खाता जे सांगितलं ते मला फार आवडलं, म्हणून इथे देते.

मासा वर का चढतो?

मे अखेरपर्यंत माद्यांच्या पोटातली अंडी पिकत आलेली असतात. पण नदीत ती घालायला सोय नसते. डोहातलं पाणी कोमट, साचलेलं, आणि त्यात अंडी-पिल्लं गिळायला मोठे मासे टपलेले. पहिला पाऊस झाला की ओढ्याचं ताजं, गार, मातीच्या वासाचं पाणी नदीला येऊन मिळतं. पाण्याची ऊब एकदम उतरते, वेग वाढतो. माशाच्या अंगाला तो निरोप कळतो. मग तो पाणी जिकडून येतं तिकडे तोंड करून निघतो. कारण वर, भाताच्या खाचरांत आणि कुरणांत, वीतभर उथळ पाणी साचलेलं असतं. तिथे पिल्लांना खायला सूक्ष्म जीव भरपूर आणि शत्रू कमी. थोडक्यात, बाळंतपणाला माहेरी जाण्यासारखंच की!

रोहू-कटल्यासारख्या माशांची अंडी तर अनुकूल पाण्यात एका दिवसाच्या आत फुटतात. एक किलोच्या रोहूच्या पोटात दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. पण गंमत अशी, की हेच मासे बंद तळ्यात कितीही धष्टपुष्ट झाले तरी आपणहून अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं, चढतं पाणीच लागतं. त्यामुळे पूर्वी तळ्यात सोडायचं बीज पुराच्या दिवसांत नदीतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञांनी इंजेक्शन देऊन तळ्यातल्या माशांकडून अंडी घालवून घेतली, तेव्हा कुठे ही अडचण सुटली. आज आपल्या बाजारात बारमाही रोहू-कटला दिसतो तो त्यामुळे. १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तोही त्याचसाठी.

पण आमच्या ओढ्यातल्या शिवड्याला आणि शिंगटीला कोण इंजेक्शन देणार? त्यांचा दवाखाना म्हणजे ते चार दिवसांचं पाणी. तेवढे चार दिवस गेले, की वर्ष गेलं.

पेणच्या मैत्रिणी विचारतील, आणि आमचा जिताडा? त्याची तऱ्हा नेमकी उलटी. तो गोड्या आणि मचूळ पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाडीच्या मुखाशी जातो. पावसाळ्यात त्याची पिल्लं भरतीबरोबर खाडीतून आत येतात. खारेपाटातले शेतकरी ती धरून आपल्या तलावांत सोडतात आणि पुढे वर्ष-दोन वर्षं वाढवतात. आणखी एक नवल ऐका. जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो! म्हणजे पाहुण्यांपुढे मानानं ठेवला जाणारा तो मोठ्ठा जिताडा बहुधा जिताडीणच असते.

पाणी ओळखायला शिका

आता थोडं पाण्याबद्दल. हे माझ्या भावाकडून शिकलेलं आहे आणि वलगणीला जाणाऱ्या प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक असायला हवं. कारण मासे आणायला पुरुष जातात, पण ते परत येईपर्यंत उंबऱ्यात उभ्या आपणच असतो.

पहिल्या सरीचं पाणी चहासारखं तांबूस होतं आणि त्यावर सुकी पानं, काड्या तरंगतात. हे चढणीचं पाणी. मासा तेव्हा ओढ्याच्या मध्यातून चढत नाही. तिथे धार जोरात असते. तो कडेकडेनं, दगडांच्या आडोशानं, खाचराचं पाणी जिथून हळूच खाली उतरतं त्या वाटेनं चढतो. म्हणजे मासे धरायलाही मधल्या धारेत उतरायची गरज नसतेच. कमरेएवढ्या पाण्यात उतरलेला माणूस माशासाठी उतरलेला नसतो, बढाईसाठी उतरलेला असतो, असं माझे वडील म्हणत.

पाणी तांबड्याचं गढूळ मातकट झालं, काड्यांऐवजी फांद्या येऊ लागल्या, फेसाचे गोळे दिसले आणि ओढ्याचा खळखळाट बदलून घुमल्यासारखा आवाज आला, की जाळी तिथेच टाकून वर यायचं. मागे वळून बघायचं नाही. आमच्या नद्या लांबीनं लहान आणि डोंगर अगदी डोक्यावर. आपल्या गावात चांदणं पडलेलं असतं आणि वर सह्याद्रीत ढग फुटलेला असतो. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुरानं जांभूळपाड्यात एका रात्रीत काय केलं, ते सुधागडातली माणसं अजून विसरलेली नाहीत.

कुंडलिकेची आणखी एक खोड आहे. ती पावसाशिवायही वाढते. मुळशीच्या धरणाचं पाणी सह्याद्रीवरून नळांतून खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि वीज करून कुंडलिकेत सोडलं जातं. हे वीजघर १९२७ सालापासूनचं. त्या पाण्यामुळेच आमची नदी भर मे महिन्यात वाहती असते आणि कोलाडला सकाळच्या वेळी रबरी होड्यांतून पाहुणे किंचाळत जाताना दिसतात. पण त्याचमुळे, सकाळी घोट्याएवढं पाणी असलेल्या दगडावर दुपारी उभं राहता येईलच असं नाही. मुंबई-पुण्याहून आलेल्या भाच्यांना नदीवर सोडताना ही गोष्ट आधी सांगावी.

एक रात्र

हे सगळं मला पाठ आहे त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही माहेरी गेलो होतो. रात्री नऊच्या सुमारास पाऊस लागला. भाऊ, आमचे हे आणि माझा थोरला, तेव्हा आठवीतला, असे तिघे ओढ्यावर निघाले. मी नको म्हटलं. "वहिनी म्हणते तर राहू दे पोराला," असं माझी भावजय नवऱ्याच्या मागे लागली, पण पोरगा कसला ऐकतोय! आईनं देवापुढे निरांजन लावलं आणि आम्ही तिघी पडवीत बसलो.

साडेअकराला ते परत आले. जाळी नाही, बॅटरी नाही, थोरल्याचा एक पाय अनवाणी, आणि त्याच्या सदऱ्याची कॉलर पार फाटलेली. भावानं सांगितलं ते एवढंच, "वरून पाणी आलं. याचा पाय घसरला. कॉलर हातात आली म्हणून." हे काहीच बोलले नाहीत. त्यांचा हात नुसता कापत होता. मी पोराला पुसलं, कोरडे कपडे दिले, चहात आलं जास्त घातलं. रागावले दुसऱ्या दिवशी. त्या रात्री शब्द फुटला नाही.

तो सदरा मी अजून टाकलेला नाही. दर जूनला कपाट आवरताना हाताला लागतो.

आणि पायाला चार ओरखडे होते तेवढ्यावर निभावलं, असं मी समजत होते. पण आमच्या डॉक्टरांनी विचारलं, "जखम घेऊन गढूळ पाण्यात किती वेळ होता?" पावसाळी साचलेल्या पाण्यात उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोचे जंतू असतात आणि ते अशाच जखमांतून शरीरात शिरतात. ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर घरगुती काढा करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं आणि पाण्यात गेल्याचं आवर्जून सांगावं. त्या रात्री साप-विंचूही बिळांतून बाहेर पडलेले असतात. बूट घातल्याशिवाय कुणाला बाहेर सोडू नका. आणि विजेची तार पाण्यात टाकून मासे मारणारे महाभाग जिथे असतील, तिथे तर आपल्या माणसानं पाऊलही ठेवू नये. त्यात मासा मरतो, त्याची पिल्लं मरतात, आणि कधीकधी तार टाकणाराही मरतो. शिवाय तो गुन्हा आहे.

कुलूच्या वाटेवर

त्यानंतरच्या मे महिन्यात यांना रजा मिळाली आणि आम्ही कुलू-मनालीला गेलो. बियास नदीच्या काठानं रस्ता जातो. मनालीच्या अलीकडे पतलीकुहल नावाचं गाव आहे. तिथे सरकारी मत्स्यकेंद्र आहे, ट्राउट माशांचं. हा मूळचा आपला मासा नव्हे. इंग्रजांनी हौसेनं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तो काश्मीर आणि कुलूच्या थंड नद्यांत आणून सोडला. विलायतेत हा मासा धरणं हा मोठा शौक. गळाला आमिष म्हणून गांडूळ नाही, तर पिसं आणि दोरा बांधून केलेली खोटी माशी! ती पाण्यावर अशी अलगद टाकायची की ट्राउटला वाटावं खरंच किडा पडला.

बियास तेव्हा बर्फ वितळून दुथडी भरून वाहत होती, राखाडी रंगाची. काठावर एक वृद्ध गृहस्थ गळ गुंडाळून बसले होते. यांनी विचारलं, आज काही लागलं का? ते म्हणाले, आता काय लागणार, पाणी चढलं. खरी मजा मार्च-एप्रिलात, बर्फ जोरात वितळण्याआधी. त्यातही पाणी थोडं वाढलेलं असलं तर मधे गळ टाकायचा नाही. मासा थंडीनं सुस्त असतो, दगडाच्या मागे, काठाच्या संथ पाण्यात तळाशी बसतो. तिथे जरा जड, ठळक रंगाची माशी बुडवायची.

मी चमकलेच. मधल्या धारेत नाही, काठाशी, दगडाच्या आडोशाला! हे तर माझ्या वडिलांचंच बोलणं, फक्त हिंदीत आणि बर्फाच्या पाण्याबद्दल.

मग मी विचारलं, मार्चच्या आधी का नाही धरत? ते म्हणाले, "बंद रहता है, बहनजी. नवंबर से फरवरी. अंडे का मौसम." ट्राउट थंडीत अंडी घालतो. म्हणून हिमाचलात ते चार महिने ट्राउटच्या नद्यांवर गळ टाकायला मनाई असते. एरवीसुद्धा परवाना काढूनच मासे धरायचे, लहान मासा लागला तर परत पाण्यात सोडायचा.

परतीच्या प्रवासात गाडीच्या खिडकीशी बसून मी तोच विचार करत होते. तिथे मार्च उजाडतो तेव्हा माशांची बाळंतपणं आटोपलेली असतात, आणि मग माणसं नदीवर उतरतात. आपण मात्र बाळंतिणीच्या वाटेवरच जाळं लावून बसतो, आणि जिच्या पोटात गाबोळी अधिक तिला भाव अधिक देतो. समुद्रातल्या माशाला आपण दोन महिने विश्रांती देतो, मग ओढ्यातल्याला चार दिवसही देऊ नयेत?

आणि हे आपल्याला परकं आहे असंही नाही. आपल्याच जिल्ह्यात, महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचं ठिकाण. तिथल्या डोहातले मासे देवीचे मानतात, त्यांना कुणी मारत नाही, भाविक त्यांना चुरमुरे घालतात. हातभर लांबीचे महासीर पायरीशी येऊन चुरमुरे खातात. ज्या माशाची जात इतर नद्यांतून झपाट्यानं कमी होत गेली, तो तिथे सुखानं आहे. काही केलं नाही, फक्त मारलं नाही, तर काय होतं ते बघायला लांब जायला नको.

तिचं काय?

पण मैत्रिणींनो, हे सगळं ठरवणं सोपं आणि मागच्या दारी उभ्या असलेल्या बाईला सांगणं अवघड. आमच्याकडे वलगण घेऊन येते ती कातकरीण. दिवाळीनंतर ती माणसं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीवर परततात. लावणी सुरू व्हायला अजून अवकाश असतो. हातात काम नाही, उचल फेडून पैसा उरलेला नाही. तेव्हा टोपलीतल्या त्या माशांवर तिच्या घरात मीठ-तांदूळ येणार असतो. तिला मी, गॅसच्या शेगडीसमोर उभी राहून, मासे वाचवण्याचा उपदेश करू?

शिवाय मासे कमी झाले ते काही तिच्या टोपलीनं नाही. ओढ्यांना सिमेंटचे बांध आणि भिंती झाल्या, खाचरांवर भराव पडून घरं उठली, शेतात औषधं फवारली जातात, आणि कारखान्यांच्या सांडपाण्यानं आमच्या कुंडलिकेचं नाव देशातल्या प्रदूषित नद्यांच्या यादीत गेलं. हे सगळं करणाऱ्यांनी काही वलगणीची हाक मारली नव्हती. ही लढाई मोठी आहे, आणि ती ग्रामसभेत, नगरपालिकेत बोलूनच लढावी लागेल. पण म्हणून आपल्या उंबऱ्याच्या आतलं आपण सोडून द्यायचं का?

गेल्या वर्षी मी एक केलं. पहिल्या पावसानंतर ती आली. मी म्हटलं, "मासे आठ दिवसांनी आण, तेव्हा घेईन. आज टोपलीत आणखी काय आहे?" तिच्याकडे शेवळं होती, काकडं होती. ती सगळी घेतली, भाव न पाडता. दुसऱ्या दिवशी ती आणखी घेऊन आली. शेजारच्या दोघींनाही घ्यायला लावली. शेवळाला काकडं हवीतच, नाहीतर घसा खाजतो, हे माहीत असलेल्या सुगरणी आता कमी होत चालल्या आहेत, त्यामुळे त्या दोघींना कृतीही मलाच सांगावी लागली!

सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना आपणहून म्हणाल्या, "मामंजी तुझे भोकशी लावायचे ना, तेव्हा अर्ध्या ओढ्यालाच लावायचे. अर्धा मोकळा. मी विचारलं तर म्हणायचे, सगळे आपणच खाल्ले तर पुढच्या वर्षी वर जाणार कोण?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "मला तेव्हा वाटायचं, जाळं लहान आहे म्हणून सांगतात."

एवढंच. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी शेवळाची आमटी दोनदा मागून घेतली.

घरात पाळण्यासारखं

मी आता काही साधे नेम केले आहेत. पटले तर तुम्हीही करून बघा.

पहिल्या चढणीचे आठ-दहा दिवस गाबोळीचा मासा घ्यायचा नाही. पोट फुगलेलं आणि दाबल्यावर मऊ लागत असेल तर गाबोळी आहे असं समजावं. विकणारीला दुखवायचं नाही. रानभाजी, शेवळं, जे असेल ते तिच्याकडूनच घ्यावं.

आपल्या घरचं कुणी वलगणीला जात असेल, तर अर्धा ओढा मोकळा ठेवायला सांगावं. एकट्यानं जायचं नाही, पोरांना न्यायचं नाही, गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही.

आणि खायचे तर उतरणीचे मासे खावेत. पाऊस ओसरला, खाचरांतलं पाणी उतरू लागलं, की हेच मासे पिल्लांसकट परत नदीकडे निघतात. श्रावण पाळणाऱ्या घरांत तोवर गणपतीही गेलेले असतात, तेव्हा तोंडाला चव हवीच असते. माशांची अंडी घालून झालेली असतात, खाऊनपिऊन ते पोसलेले असतात, आणि आपल्यालाही अपराधी वाटत नाही.

गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो अशी पुष्कळजणींची तक्रार असते. पूर्वी चुलीतली राख लावून मासे घासत. आता राख कुठली? तांदळाचं पीठ आणि जाडं मीठ लावून घासले तरी बुळबुळीतपणा जातो. कल्ले आणि पोटातली काळी पातळ साल पूर्ण काढावी, वास तिथेच असतो. पित्ताची हिरवी पिशवी फुटू देऊ नये, नाहीतर सगळं कडू होतं. शिंगटीचे काटे आधी कात्रीनं छाटावेत, बोटात गेले तर दिवसभर ठणकतात. धुतल्यावर चिंचेचा कोळ, हळद आणि मीठ लावून अर्धा तास ठेवावेत.

कालवणाला लसणीच्या आठ-दहा पाकळ्या, आल्याचा तुकडा, चार हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर एकत्र वाटावी. तेलात ठेचलेली लसूण लाल करून हे वाटण परतावं. हळद, तिखट घालून बेताचं पाणी घालावं. उन्हाळ्यात करून ठेवलेली आंबोशी असेल तर तिचे चार तुकडे घालावेत, नसेल तर चिंच. उकळी आली की मासे सोडावेत. चमचा घालून ढवळू नये, पातेलंच फडक्यानं धरून हलवावं. दहा मिनिटांत होतं. वर नारळ नको, माशाची चव मरते. सोबत तांदळाची भाकरी.

यंदाही मृग येईल. पातेलं कोपऱ्यात बसेल. मागच्या दारी हाक येईल. परात घेऊन सासूबाईच पुढे होतील, हे मला ठाऊक आहे, कारण त्यांनी आत्ताच विचारून ठेवलं आहे, "काकडं आहेत ना गं तिच्याकडे?"

थोरला आता अकरावीत आहे. परवा मामाला फोनवर सांगत होता, "मामा, भोकशी अर्ध्यालाच लाव हं. आणि मी काठावर बसेन." काठावर बसायला मी हरकत घेतलेली नाही. पण जाताना बूट घालून जा, एवढं मात्र सांगितलं आहे.